गळत होता रॅक, दुखणं होतं रॉडचं

हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, पॉवर स्टिअरिंगच्या जुन्या गाडीचा रॅक (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा भाग) गळायला लागला, की गॅरेजमध्ये दोनच सल्ले मिळतात. "सील किट डाल देते हैं" नाहीतर "पूरी असेंब्ली बदल लो." दोन्ही सल्ले रॅक उघडायच्या आधीच दिलेले असतात. आमच्या 2007 च्या ह्युंदाई ॲक्सेंटचं हे काम मी यंदा इंदूरमध्ये करून घेतलं आणि रॅक टेबलावर उघडला तेव्हा स्वतः तिथे उभा होतो. किट की असेंब्ली, हे ठरतं ते रॅकच्या आतल्या रॉडवरून. तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका, हे सांगायला लिहितोय.

सुरुवात आवाजाने झाली. सकाळी गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं, की बॉनेटखालून घुमल्यासारखा आवाज यायचा. बायको मुलीला शाळेत सोडायला हीच गाडी नेते. तिने आधी सांगितलं की अन्नपूर्णा रोडवर वळताना स्टिअरिंग मध्येच जड होतं आणि पुन्हा आपोआप हलकं होतं. टाकीतलं ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. भरलं, आवाज बंद. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो. तो आवाज त्या हवेचा. पंपाच्या आतल्या पात्यांना वंगण त्याच ऑइलचं मिळतं, म्हणून आवाज येत असताना गाडी तशीच रेटली तर रॅकच्या जोडीला पंपाचाही खर्च येतो.

शेजारचे काका पीथमपूरच्या एका कारखान्यात हायड्रॉलिक मशिनांच्या मेंटेनन्सला होते. मला बाटली घेऊन उभा बघून म्हणाले, "अरे, नुसतं भरत काय बसलास? हे काय इंजिनासारखं जळणारं ऑइल आहे? कमी झालं म्हणजे कुठून तरी बाहेर पडतंय. ते कुठून, ते शोध आधी."

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी डाग डाव्या पुढच्या चाकाच्या मागे होता. इंजिन ऑइलपेक्षा पातळ, बोटांवर चोळलं की लगेच पसरणारं. तेवढ्यावर काकांचं समाधान होईना. त्यांच्या ओळखीच्या गॅरेजात रॅम्पवर गाडी चढवली, पंप, दोन्ही पाइप आणि रॅक रॉकेलने धुऊन हवा मारून कोरडे केले आणि काकांनी घरून आणलेली टाल्कम पावडर सगळीकडे भुरभुरवली. इंजिन चालू करून मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो. पंप कोरडा, प्रेशर पाइपचा जोड कोरडा, वर जिथे स्टिअरिंगचा दांडा रॅकमध्ये शिरतो तिथली पावडरही जशीच्या तशी पांढरी. फक्त डावीकडच्या रबरी बुटाच्या, म्हणजे रॅकच्या टोकावरच्या घड्यांच्या आवरणाच्या, घड्यांमध्ये पावडर भिजून काळी पडली होती. बूट खालच्या बाजूने एका घडीत चिरला होता, वरून वाकून बघून कळण्यासारखा नव्हताच. तो दाबला तर चिरेतून ऑइल आलं आणि त्यात मातीचा गाळ होता.

ही माती पुढच्या सगळ्या गोष्टीला कारण आहे, म्हणून रॅकची रचना थोडक्यात सांगतो. एक लांब नळी आणि तिच्यातून आडवा सरकणारा पोलादी रॉड. रॉडच्या एका टोकाला दाते, त्यांत स्टिअरिंगचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, बसतं. दुसरा भाग साधा, गुळगुळीत. त्यावर मध्ये एक पिस्टन. पिनियनपाशी एक व्हॉल्व असतो. आपण स्टिअरिंग वळवलं की त्यातली एक बारीक दांडी किंचित पिळली जाते, तेवढ्याने व्हॉल्व उघडतो आणि पंपाचं ऑइल पिस्टनच्या एका बाजूला शिरून रॉड ढकलतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरलं तर छोट्या गाडीतही हा दाब 70-80 बारच्या घरात जातो. कारच्या टायरमध्ये हवा असते सुमारे 2 बार, त्यावरून अंदाज करा. एवढा दाब, तोही सरकत्या रॉडभोवती, रबराच्या एका पातळ ओठाने थोपवायचा असतो. तो ओठ म्हणजे सील. बाहेरच्या बुटाचं काम ऑइल अडवणं नाही. धूळ, चिखल, पाणी रॉडपर्यंत जाऊ न देणं एवढंच त्याचं काम. म्हणून बुटात ऑइल सापडलं की आतला सील गेला, हे नक्की समजावं. कोणत्या बाजूचा गेला हे मात्र तेवढ्यावरून ठरवू नये, कारण पुष्कळ रॅकमध्ये दोन्ही बुटांतली हवा इकडून तिकडे जायला वाट ठेवलेली असते आणि तिच्यातून ऑइलही पलीकडे जातं.

ऑइल पूर्ण संपलं तरी गाडी वळते. स्टिअरिंग आणि चाकं यांचा लोखंडी जोड कायम असतो, फक्त मदत जाते. पण ती वळणाच्या मध्यात गेली तर हाताला एकदम ओझं येतं. ओंकारेश्वरला जाताना खंडवा रस्त्यावर भेरूघाट लागतो, तिथे हे होऊ नये म्हणून काम होईपर्यंत गाडी गावातच फिरवली.

मग चौकशी सुरू केली. एका सर्व्हिस सेंटरने असेंब्ली बदलायला सांगितली, पार्ट मागवावा लागेल, मजुरी धरून 20 हजारांच्या पुढे. आत नेमकं काय बिघडलंय, विचारलं तर "हम रॅक खोलते नहीं." दुसऱ्या गॅरेजवाल्याने गळती थांबवणारी बाटली पुढे केली. त्या बाटलीतलं रसायन रबर फुगवतं. सुकून आकसलेला सील त्याने काही काळ धरतोही. पण माझ्या बुटात गाळ होता, सील सुकून गळत नव्हता, घासला जात होता. घासणाऱ्या सीलला फुगवलं तर तो आणखी घासेल. तिसरीकडे बदलीचा रॅक मिळत होता: आपला जुना द्यायचा, त्यांचा दुरुस्त केलेला घ्यायचा. हा मार्ग वाईट नाही, वेळ वाचतो. पण त्यांच्या रॅकमधला रॉड कसा आहे हे मला कोण दाखवणार?

पैशाचा हिशेबही डोक्यात होता. गाडीला 15 वर्षं झाली तेव्हा, 2022 मध्ये, 5 हजार रुपये भरून नोंदणी 5 वर्षांसाठी वाढवून घेतली होती. पुढची मुदत कोणी पाहिली, अशा गाडीला नवी असेंब्ली लावायची का, असं घरातही विचारलं गेलं. माझं म्हणणं होतं की इंजिन उत्तम आहे, पत्र्याला गंज नाही, आईला या गाडीत चढा-उतरायला सोपं जातं. गाडी राहणार असेल तर स्टिअरिंग कामचलाऊ नको.

काकांनीच देवास नाक्याजवळचा एक उस्ताद सांगितला. ट्रकचे स्टिअरिंग बॉक्स आणि कारचे रॅक, दुसरं काही करत नाही. भाव विचारला तर म्हणाला, "पहले खोलूँगा, फिर बोलूँगा. और आप सामने खड़े रहना." चौकशीत पहिल्यांदाच कोणी उघडायची गोष्ट बोललं होतं. गाडी त्याच्याकडे दिली.

रॅक बाहेर काढणं हे मेहनतीचं काम, पण त्यात गूढ काही नाही. पुढची चाकं उतरवली, टाय रॉड एंडच्या (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या सांध्यांच्या) पिना काढून नट सैल केले आणि नकलच्या (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाच्या) कानावर बाजूने हातोडीचे दोन ठोके देऊन जोड सोडवले. स्टिअरिंगचा दांडा पिनियनपासून वेगळा करण्याआधी उस्तादने दोन्हींवर मिळून एक पांढरी रेघ मारली, म्हणजे परत बसवताना एक दाताही इकडेतिकडे होणार नाही. स्टिअरिंग आतून दोरीने बांधून टाकलं. एअरबॅग असलेल्या गाडीत तर हे करायलाच हवं, कारण दांडा सुटल्यावर स्टिअरिंग गरगर फिरलं तर त्यामागची वायरची गुंडाळी तुटते. मग पाइप सोडवले, क्रॉस मेंबर (गाडीखालचा आडवा आधार) थोडा खाली घेतला आणि रॅक चाकाच्या बाजूने ओढून काढला.

खरी गोष्ट टेबलावर कळली. रॉड बाहेर आला, त्याने तो रॉकेलने धुतला, फडक्याने पुसला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला. दात्यांकडचा भाग स्वच्छ. पिस्टनच्या आसपासचा भाग आरशासारखा. डावीकडचा, बुटातून आत-बाहेर करणारा भाग मात्र चार-पाच बोटांच्या पट्ट्यात करडा पडला होता आणि त्यात टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे खड्डे होते. तो म्हणाला, "नाखून फेरो." मी नख फिरवलं. गुळगुळीत भागावरून घसरत येणारं नख त्या पट्ट्यात प्रत्येक खड्ड्याला अडत होतं. मग त्याने जुना सील उलटा करून दाखवला. ओठावर रॉडच्या लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे, एके ठिकाणी सरळ काप. रॉड प्रत्येक वळणाला त्या सीलमधून आत-बाहेर होतो, आणि दर वेळी हे खड्डे त्याचा ओठ कापत होते.

कारण डोळ्यांसमोर होतं. चिरलेल्या बुटातून पावसाळ्यात चिखलाचं पाणी शिरलं. मालव्याची काळी माती चिकट, एकदा घडीत बसली की ओल धरून ठेवते. देपालपूरकडे शेतावर जाताना शेवटचा टप्पा असाच आहे. रॉडला गंज धरला, गंजाचे खड्डे झाले. "किट डाल दूँ तो आज गाड़ी सूखी जाएगी, दो महीने में फिर यहीं खड़ी मिलेगी," उस्ताद म्हणाला. किट बदलून पुन्हा गळलेले रॅक बहुतेक असेच असणार, रॉड न बघता नवा सील घातलेले. नख कुठेच अडलं नसतं तर नुसत्या किटवर काम झालं असतं आणि तो तेच करणार होता.

आता दोन वाटा होत्या. नवा रॅक, किंवा याच रॉडवर हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कडक थर. उस्तादने सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपचं नाव सांगितलं. मालक मराठी निघाले, वयाने मोठे. रॉड हातात घेऊन त्यांनी आधी तो व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून बाक मोजणारा डायल लावला आणि फिरवून बघितला. "सरळ आहे. वाकडा असता तर मी हात लावला नसता, सांगून ठेवतो." मग कामाची पद्धत सांगितली: खड्ड्यांचा तळ लागेपर्यंत तेवढा भाग ग्राइंड करायचा, दात्यांचा भाग झाकून क्रोम चढवायचं आणि पुन्हा मूळ मापावर ग्राइंड करून पॉलिश. क्रोम सावकाश चढतं, तासाला फार तर दोन-अडीच शतांश मिलिमीटर, त्यामुळे घाई करू नका म्हणाले.

काकांनी निघताना मला एक प्रश्न पढवून पाठवलं होतं. क्रोमच्या टाकीत पोलादामध्ये हायड्रोजन शिरतो आणि कडक केलेलं पोलाद त्याने ठिसूळ होऊ शकतं. म्हणून प्लेटिंगनंतर लगेच ते सुमारे 200 अंशांवर काही तास तापवावं लागतं. कुठल्या तरी रोलरचं काम असतं तर गोष्ट वेगळी. इथे हा रॉड चाकं वळवणार आहे.

"दादा, प्लेटिंगनंतर भट्टीत ठेवता ना?" मी विचारलं.

"कोणी सांगितलं हे तुम्हाला?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ठेवतो तर. स्टिअरिंगचं काम बेक केल्याशिवाय मी बाहेर जाऊच देत नाही. बिलावर लिहून देऊ?"

लिहून घेतलं. तुम्हीही घ्या. क्रोम करणारा हा प्रश्न ऐकून गोंधळला तर रॉड उचलून सरळ परत या आणि नव्या रॅकचे पैसे मोजा.

दरम्यान सील आणायला सियागंजमध्ये गेलो. एका दुकानात किट नव्हतं, पण त्याने त्याच मापाचा साधा ऑइल सील काढून दिला. आतलं माप तेच, बाहेरचं तेच, किंमतही अगदी थोडी. उस्तादला फोन केला तर तो जवळजवळ ओरडलाच. साधा ऑइल सील फिरत्या शाफ्टसाठी असतो आणि फार तर अर्ध्या बारच्या आसपास दाब सोसतो. रॅकच्या सीलची घडण निराळी, ओठामागे दाब पेलणारा आधार असतो. शेजारी ठेवून बघितले तर नवख्यालाही फरक दिसेल. किट दुसऱ्या दुकानात मिळालं. जोडीला दोन्ही बूट, पाइपच्या ओ-रिंगा आणि तांब्याचे नवे वॉशर घेतले.

रॉड परत आला तेव्हा उस्तादने पुन्हा मलाच नख फिरवायला लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही काही लागलं नाही. त्याने मायक्रोमीटरने क्रोमचा भाग आणि पिस्टनजवळचा मूळ भाग दोन्ही मोजून माप एकच असल्याची खात्री केली.

जोडणीतली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. आतला सील बसवायचा तर तो दात्यांवरून सरकवून न्यावा लागतो, आणि दात्यांच्या कडा त्याचा ओठ तिथेच कापू शकतात. उस्तादने ड्रॉवरमधून एक जुना एक्स-रे काढला, कात्रीने पट्टी कापली, दात्यांभोवती घट्ट गुंडाळली, तिच्यावर ऑइल फासलं आणि सील तिच्यावरून अलगद फिरवत पलीकडे नेला. मग पट्टी ओढून काढून घेतली. पिस्टनवरची टेफ्लॉनची रिंग गरम पाण्यात टाकून सैल केली, खाचेत बसवली आणि ती पुन्हा आकसावी म्हणून रॉड एका निमुळत्या नळीत घालून ठेवला. हे सगळं चालू असताना त्याने पोराला झाडू मारू दिला नाही. बाहेरून ट्रक गेला की टेबलावर कापड टाकायचा. धुळीचा एक कण सीलखाली गेला तर सगळी मेहनत वाया, आणि देवास नाक्यावर धूळ कमी नाही.

बसवण्याआधी त्याने रॅकमध्ये कंप्रेसरची हवा सोडून साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. हवेचा दाब ऑइलच्या दाबापुढे काहीच नाही, त्यामुळे ही परीक्षा पुरी म्हणता येत नाही. पण सील उलटा किंवा तिरका बसला असेल तर इथेच कळतं.

ऑइलबद्दल मी अडून बसलो. ॲक्सेंटच्या मॅन्युअलमध्ये पीएसएफ-3 हे पॉवर स्टिअरिंगचं ऑइल लिहिलं आहे. गॅरेजमध्ये सर्रास लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओततात आणि काही गाड्यांना ते चालतंही, टोयोटासारख्या कंपन्या स्वतःच तेच सांगतात. पण आपल्या गाडीच्या पुस्तकात जे आहे तेच घालावं. टाकी उतरवून धुतली तर तळाच्या जाळीवर काळा थर होता. ती जाळी तुंबली तर ऑइल भरलेलं असूनही पंप उपाशी राहतो, तेव्हा रॅकचं काम निघालं की टाकी धुऊन घ्यावी.

हवा काढताना इंजिन बंद ठेवून, पुढची चाकं उचलून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवत राहिलो. टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत पोरगा ऑइल भरत होता. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, कारण तिथे दाब सर्वांत जास्त असतो आणि ऑइल झपाट्याने तापतं. इंजिन चालू असताना टाकीत फेस दिसला तर हवा अजून आत आहे, थोडा वेळ गाडी उभी करून पुन्हा सुरू करायचं. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला ऑइल स्वच्छ दिसलं.

तिथून सरळ अलाइनमेंटला. उस्तादने टाय रॉडचे आटे मोजून बसवले होते, त्यामुळे गाडी तिथवर नीट गेली. तरी टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) थोडा बाहेर होताच आणि स्टिअरिंगही किंचित डावीकडे राहत होतं. रॅक काढल्यावर अलाइनमेंट न करता गाडी चालवली तर टायर आतल्या नाहीतर बाहेरच्या कडेने खाल्ले जातात आणि मग तो दोष रॅकवर ढकलला जातो.

सगळा खर्च, क्रोम, किट, बूट, ऑइल, मजुरी आणि अलाइनमेंट धरून, सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी झाला. वेळ मात्र जास्त लागला. रॉड क्रोमला होता तेवढे दिवस गाडी चाकांविना उभी होती. रोज गाडी लागतेच अशा घरात बदलीचा किंवा नवा रॅक घेणं जास्त सोयीचं, त्यात वावगं काही नाही.

उस्तादने काही दिवस चालवून परत यायला सांगितलं होतं. गेलो. त्याने दोन्ही बूट दाबून बघितले, कोरडे. ऑइलची पातळी खुणेवर. खड्ड्यावरून जाताना मला खालून हलका टकटक आवाज येत होता, तो सांगितला. त्याने रॅकच्या मागचा, रॉडला पिनियनशी दाबून धरणारा नट पाव फेऱ्याहूनही कमी आवळला आणि मला रस्त्यावर चक्कर मारायला लावली: वळणानंतर हात सैल सोडा, स्टिअरिंग आपोआप मध्यावर यायला हवं. अडलं तर नट जास्त आवळला गेलाय. ते मध्यावर आलं, टकटकही थांबली. त्याने नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका मारला आणि सांगितलं की दर सर्व्हिसिंगला गाडी वर घेतील तेव्हा मेकॅनिकला म्हणायचं, दोन्ही बूट खालून हात फिरवून बघ.